एचआयव्ही टाळण्याची जबाबदारी कोणाची?

२००२ सालच्या अखेरीस मुंबईतल्या होर्डिंगांवर, बसथांब्यांवर आणि रेल्वे स्थानकांवर एक प्रश्न झळकू लागला. बलबीर पाशा नावाच्या माणसाला एड्स होईल का, एवढेच त्यात विचारलेले होते. हा बलबीर कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि म्हणूनच लोकलच्या डब्यापासून पानाच्या टपरीपर्यंत त्याची चर्चा झाली. पुढच्या जाहिरातींतून तो हळूहळू उलगडत गेला. दारू चढली की त्याला निरोधची आठवण राहत नसे. तो एकट्या मंजुलाकडेच जात असे आणि त्यामुळे आपण सुरक्षित आहोत असे समजत असे, पण मंजुलाकडे इतरही पुरुष येत असत. समोरचे माणूस धडधाकट दिसते म्हणजे त्याला काही नसणार, असा त्याचा हिशेब होता. आरोग्यशिक्षणाच्या दृष्टीने हे सगळे मुद्दे अचूक होते. एरवी या विषयावर तोंड न उघडणारी माणसे एका काल्पनिक नावाच्या आडून का होईना बोलू लागली, हे त्या मोहिमेचे मोठे यश होते.

त्याच वेळी तिच्यावर आक्षेपही घेतले गेले. धोका नेहमी मंजुलाकडून बलबीरकडेच का जातो, असा तो आक्षेप होता. मंजुलाला संसर्ग कोणाकडून झाला आणि बलबीरच्या घरी बायको असेल तर तिचे काय, हे त्या फलकांवर कुठेच नव्हते. बलबीरने काळजी घ्यावी हे सांगताना आजाराचे मूळ म्हणून एका देहविक्रय करणाऱ्या स्त्रीकडे बोट दाखवले जात होते.

एचआयव्ही आणि वैयक्तिक जबाबदारी यांवरचा शहरी वाद आजही याच दोन टोकांमध्ये फिरतो. एका बाजूचे म्हणणे असे की हा विषाणू हवेतून, पाण्यातून किंवा डासांतून पसरत नाही. तो पसरण्याचे मार्ग मोजके आणि सर्वांना माहीत असलेले आहेत, त्यामुळे तो टाळणे प्रत्येकाच्या हातात आहे, आणि जो टाळत नाही त्याच्या उपचाराचा भार समाजाने का उचलावा? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की माणूस कोणत्या परिस्थितीत राहतो, त्याच्याकडे पैसा आणि माहिती किती आहे, त्याला नकार देता येतो का, यांवर त्याचे वागणे ठरते, त्यामुळे दोष व्यक्तीच्या माथी मारणे चुकीचे आहे. माझे मत असे आहे की जबाबदारी खरी असते आणि ती नाकारून कोणाचेही भले होत नाही. परंतु ती त्याच व्यक्तीला पेलता येते, जिला आपल्या आरोग्याची स्थिती ठाऊक आहे, जिच्या हाताशी साधन आहे आणि जिला नाही म्हणण्याची मुभा आहे. या तीनपैकी एकही गोष्ट नसताना जबाबदारीची भाषा करणे म्हणजे केवळ दोष देणे होय. हे मत भावनेवर आधारलेले नाही. विषाणूचे वर्तन, उपचारांचे शास्त्र आणि गेल्या चाळीस वर्षांचा अनुभव या तिन्हींतून ते निघते, म्हणून एकेक गोष्ट समजून घेऊ.

धोका किती, आणि कोणाला

एचआयव्ही मुख्यतः असुरक्षित लैंगिक संबंध, एकमेकांच्या सुया वापरणे, दूषित रक्त आणि गरोदरपण, प्रसूती किंवा स्तनपान यांतून आईकडून बाळाला होणारा संसर्ग या मार्गांनी पसरतो. प्रत्येक मार्गाचा धोका मात्र सारखा नसतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने वापरलेल्या अंदाजांनुसार, उपचार न घेणाऱ्या बाधित जोडीदाराशी निरोधाविना योनीमार्गे संबंध आल्यास दर दहा हजार वेळांमागे स्त्रीला संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ८ आणि पुरुषाला सुमारे ४ इतकी असते. गुदमार्गे संबंधात स्वीकारणाऱ्या जोडीदारासाठी हाच आकडा १३८ आणि दुसऱ्यासाठी ११ आहे. सुई सामायिक वापरल्यास तो ६३ आहे, तर दूषित रक्त चढवले गेल्यास तब्बल ९,२५० आहे.

हे आकडे सरासरीचे आहेत, आणि सरासरीने फसगत होते. गुप्तरोगामुळे झालेली जखम असेल किंवा जोडीदाराला नुकताच संसर्ग झालेला असेल, तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. एकदा काही झाले नाही म्हणून पुढेही होणार नाही, असे समजण्यात अर्थ नाही. या आकड्यांतून आणखी एक गोष्ट दिसते, जी वादात सहसा कोणी बोलत नाही. स्त्री-पुरुष संबंधात स्त्रीच्या वाट्याला येणारा धोका पुरुषाच्या साधारण दुप्पट आहे, आणि निरोध वापरायचा की नाही याचा निर्णय आपल्या समाजात बहुधा पुरुष घेतो. म्हणजे धोका एकाचा आणि निर्णय दुसऱ्याचा, अशी ही विभागणी आहे.

याचा पुरावा पुण्यातूनच मिळाला. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये जवळपास निम्म्या बाधित आढळल्या, आणि याचे कोणाला फारसे आश्चर्य वाटले नाही. परंतु देहविक्रय न करणाऱ्या, बहुतांशी विवाहित आणि एकनिष्ठ असलेल्या स्त्रियांमध्येही १३.६ टक्के बाधित निघाल्या. या स्त्रियांनी काय करायला हवे होते? विवाहापूर्वी संयम आणि विवाहानंतर एकनिष्ठा, हा जो उपदेश जबाबदारीच्या नावाने केला जातो, तो त्यांनी तंतोतंत पाळलेला होता. नवऱ्याकडे निरोधचा आग्रह धरला असता तर ‘माझ्यावर संशय घेतेस?’ किंवा ‘तुझंच काही असेल’ हे ऐकून घ्यावे लागले असते. पुढे नवरा गेल्यावर अशा कित्येकींना, त्याला तिच्यामुळेच आजार झाला असे म्हणून सासरच्या घरातून बाहेर काढले गेले. पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणाही कार्यकर्त्याला विचारले तर अशा हकिकती सांगता येतील.

ज्याला माहीतच नाही, तो

संसर्ग झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण अतिशय वाढलेले असते. याच काळात ताप, अंगदुखी किंवा घसा दुखणे यापलीकडे बहुधा काही जाणवत नाही, आणि नेहमीच्या चाचणीतही संसर्ग लगेच दिसत नाही, कारण ही चाचणी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते आणि ती तयार व्हायला सुमारे तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचा अवधी लागू शकतो. यानंतर कित्येक वर्षे माणूस पूर्णपणे निरोगी दिसतो, कामावर जातो, संसार करतो. म्हणजे ज्या काळात तो सर्वाधिक संसर्गक्षम असतो, त्या काळात त्याला स्वतःलाही काही कल्पना नसते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२३च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, त्यांपैकी चार लाखांच्या आसपास महाराष्ट्रात आहेत, आणि त्या एका वर्षात देशभरात सुमारे ६८ हजार नवे संसर्ग झाले. एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी साधारण ८१ टक्के लोकांनाच आपली स्थिती ठाऊक आहे. उरलेले जवळपास पाचातले एक अजून चाचणीपर्यंत पोहोचलेले नाहीत. लोकांच्या मनातली धोकादायक व्यक्ती म्हणजे पॉझिटिव्ह असल्याचे माहीत असूनही जाणूनबुजून संसर्ग पसरवणारी. अशी माणसे नसतातच असे म्हणता येणार नाही, पण साथ चालू राहते ती प्रामुख्याने न तपासलेल्या आणि उपचाराबाहेर राहिलेल्या लोकांमुळे. त्यांना बेजबाबदार म्हणून उपयोग नाही. त्यांना चाचणीपर्यंत आणणे हे काम आहे, आणि जिथे निकाल पॉझिटिव्ह आल्यास नोकरी, घर आणि नाती जाण्याची भीती असते, तिथे माणूस चाचणीच टाळतो.

गोळी घेणारा जोडीदार

२०११ साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर झाले. नऊ देशांतली १,७६३ जोडपी त्यात होती, प्रत्येक जोडप्यात एक व्यक्ती बाधित आणि दुसरी बाधित नसलेली, आणि पुणे व चेन्नई येथील जोडप्यांचाही त्यात समावेश होता. बाधित व्यक्तीला लवकर औषधे सुरू केली तर जोडीदाराला तिच्याकडून संसर्ग होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. पुढे युरोपात समलिंगी पुरुष जोडप्यांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बाधित जोडीदाराच्या रक्तातील विषाणू औषधांमुळे चाचणीत न सापडण्याइतके कमी झालेले होते, अशा ७८२ जोडप्यांमध्ये निरोधाविना सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले, आणि त्या जोडीदाराकडून संसर्ग झाल्याची एकही घटना आढळली नाही. ज्या १५ जणांना या काळात नव्याने संसर्ग झाला, त्यांच्यातला विषाणू जनुकीयदृष्ट्या वेगळा होता, म्हणजे तो नात्याबाहेरून आलेला होता.

या दोन अभ्यासांनी जबाबदारीचा सगळा वाद उलटापालटा केला आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत त्याची दखल अजून पुरेशी घेतली गेलेली नाही असे मला तीव्रतेने वाटते. जी व्यक्ती तपासणी करून घेते, रोज गोळी घेते आणि जिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, सापडण्याच्या मर्यादेखाली राहतो, तिच्याकडून लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही. उलट ‘मी निगेटिव्ह आहे’ असे तीन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवरून सांगणाऱ्या माणसाबद्दल तसे खात्रीने म्हणता येत नाही. तरीही लग्न जुळवताना, भाड्याने खोली देताना किंवा डेटिंग ॲपवर बोलताना समाज पहिल्याला टाळतो आणि दुसऱ्यावर विश्वास ठेवतो. ‘मी क्लीन आहे’ हा शब्दप्रयोग शहरी तरुण सर्रास करतात, त्यातून पॉझिटिव्ह माणूस घाणेरडा ठरतो, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

औषधांचा इतिहासही मुंबईशी जोडलेला आहे. २००१ साली सिप्ला या मुंबईच्या कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देण्याची तयारी दाखवली, तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरांच्या घरात खर्च येत होता. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू केले आणि पहिल्या आठ केंद्रांमध्ये मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०१७ पासून संसर्ग आढळलेल्या प्रत्येकाला, त्याची प्रतिकारशक्ती कितीही असो, लगेच औषधे सुरू केली जातात. त्यामुळे ‘यांच्या उपचारावर सरकारचा पैसा का खर्चायचा’ या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: एका व्यक्तीला दिलेली गोळी तिच्या जोडीदाराला आणि पुढच्या बाळालाही वाचवते. उपचाराविना आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, आणि योग्य उपचारांनी ती ५ टक्क्यांखाली येते.

सक्तीचा अनुभव

जबाबदारी शिकवण्यासाठी सक्ती करावी, हा विचार पुन्हा पुन्हा वर येतो. त्याचा अनुभव आपल्या शेजारी गोव्यात फार लवकर आला. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या रक्तदान करणाऱ्या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही आढळला. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा बाधित व्यक्तीला विलगीकरणात ठेवण्याची तरतूद होती. पोलिसांनी त्याला नेले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात दोन महिन्यांहून अधिक काळ एकटे डांबून ठेवले. त्याची आई लूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. डॉमिनिकची सुटका झाली, पण व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत संघर्ष आला तर व्यक्तीने माघार घ्यावी, असे म्हणून न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. डॉमिनिकने पुढे बाधितांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. विचार करा, हा माणूस दुसऱ्यांसाठी रक्त द्यायला गेला होता. ज्यांनी त्याची कोठडी पाहिली, त्यांतले किती जण नंतर आपणहून तपासणीला गेले असतील?

मुंबईत फेब्रुवारी १९९६ मध्ये कामाठीपुरा आणि आसपासच्या वस्तीवर छापे घालून शेकडो मुली आणि स्त्रियांना ताब्यात घेण्यात आले. त्यांतल्या अनेक नेपाळी होत्या. त्यांची एचआयव्ही तपासणी केली गेली, आणि त्यांचा स्वतःचा देशही त्यांना परत घ्यायला सुरुवातीला राजी होईना. त्याच गल्ल्यांत रोज येणाऱ्या पुरुषांपैकी कोणाची तपासणी झाली नाही.

लग्नापूर्वी एचआयव्ही चाचणी सक्तीची करावी, ही मागणी तर दर काही वर्षांनी होते; गोव्यात २००६च्या सुमारास तसा प्रस्तावही पुढे आला होता. वरवर पाहता ती रास्त वाटते, विशेषतः वर सांगितलेल्या पुण्याच्या स्त्रियांचा विचार केला तर. म्हणून अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा अनुभव लक्षात घ्यायला हवा. तिथे १९८८ मध्ये असा कायदा लागू झाला. पहिल्या सहा महिन्यांत विवाह परवान्यासाठी ७०,८४६ जणांची तपासणी झाली आणि त्यांत ८ बाधित सापडले. विवाह परवान्यांची संख्या २२ टक्क्यांनी घटली, कारण लोक शेजारच्या राज्यांत जाऊन लग्ने करू लागले, आणि लवकरच कायदा मागे घ्यावा लागला. आपल्याकडे तर विवाह नोंदणीच कित्येकदा उशिरा होते, पैसे देऊन निगेटिव्ह रिपोर्ट मिळवणे अशक्य नाही, आणि लग्नाच्या दिवशी निगेटिव्ह असलेला नवरा पुढे बाधित होऊन आला तर त्या कागदाचा बायकोला उपयोग काय? दोघांनी आपल्या मर्जीने एकत्र जाऊन चाचणी करून घेणे ही उत्तम गोष्ट आहे आणि ती मी प्रत्येकाला सुचवीन. सक्तीने मात्र तिचा अर्थच बदलतो.

साधन हाती असणे

१९९०च्या दशकात मुंबईतल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण निम्म्याहून वर गेले, त्याच काळात कोलकात्याच्या सोनागाछीत ते दहा टक्क्यांच्या आसपासच राहिले. दोन्ही वस्त्यांत गरिबी होती, दलाल होते आणि निरोध नाकारणारी गिऱ्हाइके होती. फरक असा की सोनागाछीत १९९२ पासून डॉ. स्मरजित जाना यांनी त्या स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून पुढे आणले. त्यांनी आपली संघटना बांधली आणि संपूर्ण वस्तीने मिळून निरोधाचा नियम लावला. एकट्या बाईने निरोधाविना नाही म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाते. सगळ्या दारांतून एकच उत्तर आले तर त्याचे काही चालत नाही. महाराष्ट्रात सांगलीच्या संग्राम संस्थेने मीना सेशू यांच्या पुढाकाराने याच धर्तीवर काम उभे केले. वैयक्तिक जबाबदारी कशी शक्य होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

उलट दिशेने ओढणाऱ्या यंत्रणाही होत्या. आरोग्य खाते निरोध वाटत होते आणि पोलीस छाप्यात सापडलेले निरोध वेश्याव्यवसायाचा पुरावा म्हणून जप्त करत होते. आरोग्यासाठी घेतलेली खबरदारी हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे सांगायला मे २०२२ उजाडावे लागले. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्या बाबतीत हीच अडचण समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची होती. २००१ मध्ये लखनौला एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी याच कलमाचा आधार घेऊन अटक केली होती, आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झालेल्या याचिकेचा एक मुख्य आधार हे कलम एचआयव्ही प्रतिबंधाच्या आड येते हा होता. मुंबईत हमसफर ट्रस्टने १९९४ पासून या समाजात काम केले, पण ज्याला आपली ओळख डॉक्टरसमोरही उघड करण्याची भीती वाटते तो नेमका सल्ला घेणार तरी कसा? ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळले. घरच्यांच्या दबावाने होणारी लग्ने मात्र थांबलेली नाहीत, आणि त्या लग्नांतल्या स्त्रियांचा प्रश्न पुन्हा वरच्या पुण्याच्या अभ्यासाकडे नेतो.

कायदा काय म्हणतो

जबाबदारी आणि हक्क यांचा मेळ घालण्याचा आपल्याकडचा सर्वांत गंभीर प्रयत्न म्हणजे एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शिक्षण, उपचार, घरभाडे आणि विमा यांत बाधित व्यक्तीशी भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे आणि संमतीविना चाचणी करण्यास व स्थिती उघड करण्यासही.

या कायद्याचे दहावे कलम सगळ्यांनी वाचण्यासारखे आहे, कारण बाधित व्यक्तीवर कोणतीही जबाबदारी नाही हा समज त्याने खोटा ठरतो. ज्याला आपली स्थिती ठाऊक आहे आणि ज्याचे समुपदेशन झाले आहे किंवा ज्याला हा विषाणू कसा पसरतो हे माहीत आहे, त्याने इतरांना संसर्ग होऊ नये यासाठी सर्व वाजवी खबरदारी घ्यावी, असे ते कलम सांगते. धोका कमी करणारे उपाय वापरणे किंवा संबंधापूर्वी आपली स्थिती सांगणे हे मार्ग त्यात दिलेले आहेत. त्याला जोडलेला अपवाद तितकाच महत्त्वाचा आहे: स्थिती सांगितल्यास मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी वाजवी भीती असलेल्या स्त्रीवर हे बंधन नाही. नवव्या कलमानुसार डॉक्टर किंवा समुपदेशक बाधित व्यक्तीच्या जोडीदाराला माहिती देऊ शकतो, पण त्याआधी त्या व्यक्तीला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन करावे लागते, ती सांगणार नाही याची खात्री पटावी लागते आणि आपण सांगणार आहोत याची कल्पना तिला द्यावी लागते. ज्ञान असेल तर कर्तव्य आणि भीतीच्या छायेत असलेल्याला सूट, ही मांडणी मला न्याय्य वाटते.

चाचणीच्या खोलीत

लोक ज्याला घाबरतात ती प्रक्रिया प्रत्यक्षात कशी असते, हे थोडे तपशिलाने सांगणे उपयोगाचे ठरेल. पालिका रुग्णालयांतील आणि सरकारी दवाखान्यांतील समुपदेशन व चाचणी केंद्रात ही तपासणी मोफत होते. आधी समुपदेशक बंद दाराआड बोलतो: तपासणी का करून घ्यायची आहे, शेवटचा धोक्याचा प्रसंग कधी आला, निकाल पॉझिटिव्ह आला तर घरी कोणाला सांगता येईल. मग संमती घेऊन रक्त काढले जाते. पहिल्या किटमध्ये काही न आढळल्यास निकाल निगेटिव्ह असतो, मात्र प्रसंग नुकताच घडलेला असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. पहिल्या किटमध्ये प्रतिक्रिया दिसली तर तोच नमुना वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन किटवर तपासला जातो आणि तिन्हींचे एकमत झाले तरच पॉझिटिव्ह असा निकाल दिला जातो. पुढे एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रात, नोंद होते, क्षयरोगाची तपासणी होते आणि बहुतेकांना तीन औषधे एकत्र असलेली, दिवसातून एकदा घ्यायची एकच गोळी सुरू होते. सहा महिन्यांनी व्हायरल लोड तपासतात.

धोक्याचा प्रसंग नुकताच घडला असेल तर ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, औषधे सुरू करून ती २८ दिवस घेतल्यास संसर्ग टाळता येऊ शकतो. निरोध फाटलेल्या जोडप्यापासून बलात्कार झालेल्या व्यक्तीपर्यंत सगळ्यांना ही माहिती हवी, आणि ती शहरातल्या सुशिक्षितांनाही नसते. १०९७ या मोफत दूरध्वनीवर ती मिळते.

आधीच घेण्याची गोळी

संसर्ग नसलेल्या पण धोका असलेल्या व्यक्तीने संबंधापूर्वी औषध घेऊन स्वतःला वाचवणे, म्हणजे प्रेप, हा या वादाचा सर्वांत नवा टप्पा आहे. अमेरिकेत या गोळीला २०१२ मध्ये मान्यता मिळाली, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये तिची व्यापक शिफारस केली आणि भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. गोळी आली की माणसे निरोध सोडून देतील आणि स्वैर वागतील, असा आक्षेप लगेच घेतला गेला. पन्नास-साठ वर्षांपूर्वी संततिनियमनाच्या गोळीबद्दल हेच बोलले गेले होते.

आक्षेपात तथ्याचा अंश आहे. प्रेप घेणाऱ्यांपैकी काही जण निरोधाचा वापर कमी करतात, आणि गोळी एचआयव्ही टाळते पण सिफिलिस किंवा गोनोरिया टाळत नाही. म्हणूनच ती घेणाऱ्याने दर तीन महिन्यांनी तपासणीला यावे असा नियम आहे, आणि या तपासणीमुळे एरवी कधीही दवाखान्यात न येणारा तरुण नियमितपणे डॉक्टरसमोर बसतो, त्याचा गुप्तरोग वेळेत सापडतो. सिडनी शहराच्या मध्यभागात, जिथे ऑस्ट्रेलियातील समलिंगी पुरुषांची मोठी वस्ती आहे, नव्या संसर्गांचे प्रमाण २०१० ते २०२२ या काळात ८८ टक्क्यांनी घटले. तिथल्या लोकांचे नीतिशास्त्र बारा वर्षांत बदललेले नव्हते. चाचणी, उपचार आणि प्रेप सहज मिळू लागले होते.

आपल्या शहरांत प्रेप डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकत मिळते, म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत, इंग्रजी वाचता येते आणि प्रश्न न विचारता चिठ्ठी देणारा डॉक्टर माहीत आहे, त्याला ती मिळते. स्वतःचे रक्षण करण्याची तितकीच इच्छा असलेल्या, सिग्नलवर उभ्या असणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीला किंवा भिवंडीतल्या यंत्रमागावर राबणाऱ्या मुलाला ती मिळणे कठीण आहे. आता वर्षातून दोनदा घ्यायचे लेनाकापाविर हे इंजेक्शन आले आहे. आफ्रिकेतल्या तरुण स्त्रियांवरील चाचणीत, २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार, ते घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. नवऱ्याला न सांगता, घरात गोळ्यांची डबी न ठेवता, निरोधासाठी कोणाची मनधरणी न करता एखाद्या स्त्रीला स्वतःचे रक्षण करता येईल, असे हे पहिले खरोखर सोयीचे साधन आहे. त्याच्या स्वस्त आवृत्त्या तयार करण्याची तयारी भारतीय कंपन्यांनी सुरू केली आहे. ते आपल्या पालिका दवाखान्यांत कधी आणि कोणाला मोफत मिळणार, हा प्रश्न आता आरोग्य खात्याला विचारायला हवा.